खाऊ न नेलेला रविवार

३ नोव्हेंबर, सोमवार
केनिया नक्की. म्हणजे अर्धं नक्की. मुंबईच्या संस्थेतल्या मॅडमचा फोन आला. जानेवारी ते मार्च, समुद्राकाठचं अनाथालय. मोठ्या मुलींना शिवण शिकवायचं, लहानांना सांभाळायचं. पण अट अशी की आधी काही रविवार इथल्या मुलींच्या बालगृहात काम करायचं. तिथल्या अधीक्षिका हो म्हणाल्या तरच तिकीट.
इतकी वर्षं शाळेत मी शिवणाच्या परीक्षा घेतल्या, आता माझीच. गंमत वाटली, थोडा रागही आला.
ह्यांना सांगितलं. पेपर खाली न घेता विचारलं, "अगो, तिथं भात मिळतो काय?"

५ नोव्हें.
भात मिळतो. त्याला 'वाली' म्हणतात. फोनवर स्वाहिली शिकतेय. चहा 'चाय', दुकान 'दुका', पुस्तक 'किताबु', आणि आंबा 'एंबे'! शेजारच्या रुबिनाभाभींना धावत जाऊन सांगितलं. त्यांचे हुसेनभाई जहाजावर होते, मोंबासा बघितलेले. म्हणाले, "वैनी, तिथंपण नारळ, तिथंपण मासळी. फक्त समुद्र उलट्या बाजूला."
उलट्या बाजूला! म्हणजे तिथे सूर्य समुद्रातून वर येतो. मी जन्मभर तो बुडतानाच पाहिला. हे एवढं बघायला मिळालं तरी...
खरं लिहायचं तर मुलांची कणव वगैरे मला फारशी आलेली नाही. मला बघायचंय.

९ नोव्हें., रविवार
पहिला दिवस. रव्याच्या लाडवांचा डबा घेऊन गेले. मुली आपोआप रांगेत उभ्या राहिल्या, हात पुढे, "थँक यू, बाई" एका सुरात. सवय दिसते.
एकीने नाही घेतला. तन्वी, सात-आठ वर्षांची, दोन्ही हात मागे. "नको." मी म्हटलं, तूप जास्त आहे का? "नको."
अधीक्षिका सावंतबाई. बांगडीत सेफ्टीपिनांचा झुबका, बोलणं कमी. लांबून सगळं बघत होत्या. बाईंच्याच 'हो'वर माझं केनिया. 

१६ नोव्हें., रविवार
नारळाच्या वड्या. तन्वी: नको.
मशीन आणि दोऱ्यांचा डबा नेला होता. दुपारभर बटणं लावली, सैल फ्रॉक आत घेतले. तन्वीच्या फ्रॉकचा घेर एका बाजूला उसवून लोंबतोय. म्हटलं, ये, टीप मारून देते.
"नको. सावंतबाई घालतील."
लागलं मनाला. एवढ्याशा पोरीचं काय मनाला लावून घ्यायचं? पण लागलं. घरी येऊन ह्यांच्यावर उगाच ओरडले.

१९ नोव्हें.
मुंबईला जाऊन पिवळ्या तापाची लस टोचून आले. दंड ठणकतोय. हे सोबत होते. एसटीत जन्म गेला यांचा, तरी परतीच्या गाडीत ड्रायव्हरला अख्खा घाट शिकवत बसले.
सावंतबाईंनी नाही म्हटलं तर दंड फुकटच सुजला.

२३ नोव्हें., रविवार
आज खाऊचा दर्जा वाढवला. बाजारातून चॉकलेटं, चांगल्यातली.
फाटकात आधीच एक गाडी. कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस. केक, जिलबी, मुलींना दोन ओळींत बसवून फोटो. सावंतबाई हळूच म्हणाल्या, "या आठवड्यातली ही तिसरी जिलबी. परवा एकांच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं." मुली जिलबी कुस्करत होत्या.
तन्वी नळाजवळ. मी शेजारी जाऊन टेकले.
"चॉकलेट आवडत नाही का गं?"
"आवडतं."
"मग?"
"तुम्ही पाहुण्या ना?"
"पाहुण्यांचं घेत नाहीस?"
"घेतलं की थँक यू म्हणायचं. मग फोटो. मग पाहुणे जातात." नळ बंद करत, "सावंतबाई कधी आणतात काय खाऊ?"
चॉकलेटं पिशवीतच राहिली. उन्हाने विरघळली.

२५ नोव्हें.
डोक्यातून जात नाही. लहान पोर असलेल्या घरी मोकळ्या हाताने जायचं नाही, हे आईने अंगात भिनवलेलं. दोन केळी तरी न्यायचीच. त्यात काही चुकतं असं आजवर कधी वाटलं नाही.
ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "तुझी आईपण बाजारातून खाऊ आणायचीच की."
"हो, पण आई रोज असायची."
 मग हे म्हणाले, "केनियाला न्यायला काय काय करून ठेवलंयस?"
आंबापोळी, फणसपोळी, लाडू. अर्धी बॅग तीच. रुबिनाभाभींनी स्वतः रचून दिली. "वैनी, मुठीला लाल चिंधी बांधा, बॅग पटकन ओळखता येते."

३० नोव्हें., रविवार
आज काही नेलं नाही.
निघताना हे म्हणाले, "डबा विसरलीस." नाही विसरले. रिक्षात बसल्यावर दोनदा मांडीवर हात गेला, डबा शोधत. फाटकाशी तर परत फिरावं असं वाटलं, इतकं ओशाळवाणं. मुली रांगेत उभ्या राहिल्या, माझे हात बघितले आणि रांग मोडली. दोघी-तिघी सरळ तोंड वाकडं करून गेल्या. सावंतबाईंनीही हात बघितले.
तन्वी समोर आली. "उशीर झाला तुम्हाला."
आणि कुळीथ भरलेलं सूप माझ्यासमोर ठेवलं. "खडे बघा. नीट हां."
बसले खडे निवडत. ती शेजारी बसून माझे राहिलेले खडे काढून दाखवत होती. थोड्या वेळाने उठली, आतून तो उसवलेला फ्रॉक आणून माझ्या मांडीवर टाकला.
जेवायला कुळथाची पिठी आणि भात. दर वेळी ताट उचलायला कुणीतरी धावायचं, आज कुणी धावलं नाही. मीच घासलं. सावंतबाई म्हणाल्या, "पुढच्या रविवारपासून दुपारच्या भांड्यांची पाळी तुमची."
घरी येताना इतका आनंद झाला होता की ह्यांना वाटलं, तिकीट आलं.

७ डिसेंबर, रविवार
भांडी घासली. मोठं पातेलं जड आहे, कंबर धरली.
सावंतबाई जवळ येऊन उभ्या. "मी मुंबईला हो कळवतेय. काम करता तुम्ही." मग पिना चाळवत, "एक विचारू? तिथंही एखादी तन्वी असेलच. मार्चनंतर तिला काय सांगणार?"
म्हटलं, विचार करते.
हो मिळालं म्हणून नाचावंसं वाटायला हवं होतं. समुद्रातून वर येणारा सूर्य अजून बघायचाच आहे, पहिल्याइतकाच. पण...

१४ डिसें., रविवार
आवारातल्या आंब्याच्या कलमाला मोहोर दिसायला लागला. तन्वी त्याच्याखाली सुईत दोरा ओवायला शिकली. मग सांगितलं तिला केनियाचं.
"लांब?"
"खूप. विमानाने. तिथे सूर्य समुद्रातून उगवतो."
"खोटं."
"हुसेनभाईंनी बघितलंय. मीही बघून येऊन सांगते तुला."
"कधी?"
"आंबे तयार होतील तेव्हा."
तिने वर मोहोराकडे बघितलं. दोऱ्याला गाठ मारली, माझी नक्कल करत दाताने दोरा तोडला. रडली नाही.
फाटकापर्यंत आली. आजवर कधी आली नव्हती. मी वळले तेव्हा म्हणाली, "येताना खाऊ आणू नका."

१६ डिसें.
बॅगेतली आंबापोळी बाहेर काढली. परत भरली. तिथली मुलं वेगळी, त्यांना आवडेलही. परत काढली. शेवटी हे एक तुकडा तोंडात टाकत म्हणाले, "हिचं काय ते ठरव, नाहीतर मी संपवतो."
मुंबईच्या मॅडमचे दोनदा फोन येऊन गेले. तिकीट काढायचं का? म्हटलं, तीन महिन्यांऐवजी जास्त राहता येईल का, किंवा दर वर्षी त्याच ठिकाणी जाता येईल का? त्या म्हणाल्या, असं अजून कुणी विचारलेलं नाही, चौकशी करते. पण तिकिटाचं रविवारनंतर लगेच सांगा.
ह्यांना विचारलं, जाऊ का? "मला काय विचारतेस? भात मिळतो म्हणालीस ना." मग पेपर खाली घेऊन, "त्या पोरीला कोण सांगणार सूर्याचं, तू नाही गेलीस तर?"
ते खरंच. पण भांड्यांची पाळी जानेवारीपासून कुणाकडे द्यायची, हेही तन्वीलाच विचारायला हवं. रविवारी विचारते.