इंजिन आपोआप बंद पडलं होतं

प्रिय दादा,

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोन केला असता, पण तू ‘सगळं बरं आहे’ म्हणून दोन मिनिटांत ठेवून देतोस, आणि मला जे सांगायचंय ते दोन मिनिटांत मावणारं नाही. शेवटपर्यंत वाच. मधेच घडी घालून खिशात टाकायची तुझी सवय मला माहीत आहे.

आपला ट्रक चालू झाला. हो, तोच. खाणीच्या चढावर उलटला, काकांचा गुडघा गेला आणि तू घर सोडलंस, त्याला आता चार वर्षं झाली. मधल्या काळात बाबांनी कुणालाही त्याला हात लावू दिला नाही. गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली पडून राहिला आणि त्याच्या कॉम्प्युटरच्या डब्यात पाणी शिरलं. नवा डबा मिळेना, कंपनीने तो बनवणंच बंद केलंय. बाबा म्हणाले, “भंगारात घाल आणि मोकळी हो.” मी म्हटलं, घालणार नाही. डबा नसेल तर डब्याशिवाय चालवीन.

त्यांना वाटलं मी चिडून बोलते आहे. पण मी विचार केला होता. नळीत किती डिझेल सोडायचं, कधी सोडायचं, हे सगळं तो डबा ठरवायचा. याच इंजिनाची जुनी जात मात्र साध्या पंपावर चालायची. इंजिनाचाच गिअर पंप फिरवतो, पंप डिझेल दाबतो, दाबाने नोझल उघडतं आणि डिझेल इंजिनात फवारलं जातं. वायर नाही, सेन्सर नाही. आपल्या इंजिनावर त्या पंपाची जागासुद्धा होती, नुसती एक पत्र्याची झाकणी लावून बुजवलेली. ती झाकणी उघडली त्या दिवशी मी ठरवलंच.

पंप भंगारवाल्याकडे मिळाला, गिअर आणि नोझलसकट. तो आधी विचारत होता, घरात कुणी पुरुष माणूस नाही का? मी पंपाचा दांडा हाताने फिरवून आतली झीज दाखवली, तेव्हा किमतीचं बोलायला लागला. पंप सगळा खोलून पुन्हा बसवला. नोझल इंजिनाच्या हेडमध्ये नीट बसेनात, त्यांच्यावर चढवायला लेथवर धातूच्या बाह्या कातून घेतल्या, तीनदा चुकल्या. सहा नळ्या वाकवल्या, सगळ्या एकाच लांबीच्या. ॲक्सिलरेटरचं पेडल आधी डब्याशी नुसतं वायरने बोलायचं, आता तिथून पंपापर्यंत सळई टाकली. काका रोज स्टुलावर पाय लांब करून बसायचे आणि बोलायचे, “लेथवाल्याच्या नादी लागू नकोस, आधी माप घे.” माप मी घेतलेलंच असायचं, पण त्यांचं ऐकून पुन्हा घ्यायचे. तेवढंच त्यांना बरं वाटायचं.

सगळ्यात जास्त छळलं ते टायमिंगने, म्हणजे डिझेल नेमक्या क्षणी सुटेल असं जुळवण्याने. पहिल्या नळीतून डिझेल ठिबकत ठेवायचं, इंजिन हाताने इंच इंच फिरवायचं, आणि ज्या क्षणी थेंब थांबतो तिथे इंजिनाच्या चाकावरची खूण जुळली पाहिजे. पहिल्यांदा चालू केलं तर पांढऱ्या धुराने गॅरेज भरलं. दुसऱ्यांदा असं ठोकायला लागलं की काका कुबडी घेऊन बाहेर पळाले. पाचव्यांदा लागलं. बाबा घरातून आले, दारात उभे राहून पाच मिनिटं आवाज ऐकला, “रेस थोडी कमी कर,” एवढंच म्हणाले आणि परत गेले. चार वर्षांत ट्रकबद्दल ते पहिल्यांदाच सरळ बोलले.

डबा काढल्यामुळे सडकेवर त्याला आता परवानगी नाही. खाणीच्या कुंपणाच्या आत दगड ओढायचा, एवढंच. मला तेवढंच हवं होतं, कारण तो चढ कुंपणाच्या आतच आहे. काल दुपारी पूर्ण माल भरून मी स्वतः चढवला. काका शेजारी बसले होते. मी नको म्हणत होते, पण त्यांनी ऐकलं नाही. ट्रक उलटला होता त्या वळणावर मी गिअर खाली टाकला. इथे इंजिन गेलं तर काय होतं ते मला पहिल्यांदा कळलं. स्टिअरिंग दगडासारखं होणार, मागे चौदा टन, एका बाजूला दरी. तू त्या परिस्थितीत गाडी डोंगराच्या अंगाला घातलीस. म्हणून काका आज माझ्या शेजारी बसले होते.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. तू तेव्हा जीव तोडून सांगत होतास, इंजिन आपोआप बंद पडलं. काका झोपलेले, साक्ष द्यायला कुणी नाही. दुसऱ्या दिवशी ट्रक सरळ केला आणि किल्ली फिरवताच इंजिन चालू झालं. तेव्हा सगळ्यांसमोर मीच म्हणाले होते, “दादाला डुलकी लागली असणार.” बाबांनी माझा शब्द धरला, कारण इंजिनातलं मला कळतं. पाच आठवड्यांपूर्वी मी जुन्या वायरिंगची जुडी कापून काढली. सायलेन्सरच्या पाइपजवळ, इंजिन फिरतंय हे डब्याला कळवणाऱ्या सेन्सरच्या वायरला एक जोड होता. तापला की सुटायचा, म्हणजे डबा डिझेल तोडणार; गार झाला की पुन्हा चिकटायचा. मी गरम हवा मारून दहा वेळा पाहिलं. तो जोड माझा आहे, दादा. अपघाताच्या आधीच्या महिन्यात तू घाई करत होतास, मी सोल्डर न करता पीळ देऊन नुसती टेप गुंडाळली होती. नंतर करीन म्हटलं आणि विसरले. एवढे दिवस गप्प राहिले, कारण कुणाला काही सांगण्याआधी तो चढ मला स्वतः चढायचा होता. काल उतरल्यावर काकांना सांगितलं, मग घरी येऊन बाबांना. वायर त्यांच्या हातात दिली. बाबा बराच वेळ ती बोटांनी चाचपत राहिले, मग त्यांनी तुझा पत्ता मागितला. रविवारी ते आणि काका तुझ्याकडे येत आहेत, सकाळच्या बसने. मी यायचं की नाही, ते तू ठरव. नको म्हणालास तरी मला मान्य आहे.

तुझीच,
धाकटी