वरच्या खोलीचं वायफाय

सोमवार, ४ मार्च
आले एकदाची. वरची खोली मनासारखी मिळाली. दोन खिडक्या, भक्कम टेबल, पलंगही कुरकुरत नाही. घरमालक काका निवृत्त ड्राफ्ट्समन. काकूंनी जिन्यातच माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. मुलगा याच खोलीत राहायचा, कॉम्प्युटरमधला होता, गेल्या वर्षी गेला, एवढं सांगून त्या चहा टाकायला वळल्या. घटस्फोटाचे कागद मी बॅगेच्या तळाशी ढकलले. आता कुणाची वाट बघायची नाही, कुणाचे टोमणे नाहीत. संध्याकाळी चक्क गुणगुणत कपडे लावले.

बुधवार, ६ मार्च
कामाचा खोळंबा. डॉक्टरांनी रेकॉर्ड केलेले अहवाल ऐकून टाइप करणं हे माझं काम, नेटशिवाय हात बांधल्यासारखे. निघण्याआधी घाईत लिनक्स अपडेट केलं, तिथेच माती खाल्ली. सिस्टीमचा गाभा नवा आला आणि वायफाय कार्ड चालवणारं मॉड्यूल गायब. कमांड दिली की एकच उत्तर, मॉड्यूल सापडलं नाही. जुन्या गाभ्यावर जाऊन पाहिलं, तिथेही नाही. ते उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी ते हवं. फोनला खोलीत रेंज नाही. नवरा असता तर म्हणाला असता, फुकटातलं घेतलं की असंच होतं. लिनक्स मी त्याच्या नाकावर टिच्चून शिकले होते.
काकू म्हणाल्या, काळजी करू नकोस, तो बघेल. मला वाटलं, ओळखीच्या एखाद्या दुरुस्तीवाल्याबद्दल बोलताहेत.

शुक्रवार, ८ मार्च
चौकातल्या दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उघडला. मॉड्यूल राहू द्या, म्हणाला, तुमचं कार्डच जळलंय. काढून माझ्या हातावर ठेवलं. नवं यायला वेळ लागेल. काम देणाऱ्या मॅडमना फोन करून मुदत मागितली, तर म्हणाल्या, सबबी तुझ्याकडे नेहमी तयार असतात. गिळलं. गिळायची सवय आहे.
घरी येऊन आधी उतरवून ठेवलेल्यातलं उरलेलं टायपिंग काढलं. पडद्याच्या कोपऱ्यात वायफायची खूण. यादीत एकच नाव, 'वरची खोली'.
कार्ड माझ्या पर्समध्ये होतं.

शनिवार, ९ मार्च
काकांना विचारलं. नाव मुलाने दिलेलं, म्हणाले, पण राउटर तर तो गेल्यावर भंगारात दिला. बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. काकूंचा चेहरा मात्र उजळला. जोडून घे, म्हणाल्या, तुला पासवर्ड नाही विचारायचा तो.
निघून जायला हवं होतं. पण नोकरी टिकवायची होती. जोडलं.

रविवार, १० मार्च
गायब झालेलं मॉड्यूल आज जागेवर आहे. त्याची माहिती काढली. लेखक म्हणून काकांच्या मुलाचं नाव. तारीख कालची.
मॅडमचा मेल आला. अहवाल सगळे पोचले, मी न टाइप केलेलेसुद्धा. प्रत्येकाच्या शेवटी एक वाक्य जास्तीचं — ती आता इथेच राहील. हा काय चावटपणा, असं विचारून त्यांनी मला काढून टाकलं.

सोमवार, ११ मार्च, सकाळ
बॅग भरली. काका दारात उभे. हळू आवाजात म्हणाले, रिकाम्या खोलीत तो टिकत नाही. येतो, जातो. गेला की ही अन्नाला शिवत नाही. कुणीतरी असलं की राहील. मला माफ कर, म्हणाले.
मग बाहेरून कडी घातली. माफी मात्र आधी मागितली. सभ्य माणूस.

दुपार
ओरडून घसा बसला. खिडक्यांना गज.
ज्याने सोडलं त्याच्यापासून लांब आले. आणि हा —
लॅपटॉपची वायर उपटली, बॅटरीही काढली. पडदा चालूच. वायफायची खूण पूर्ण भरलेली.

पलंगाची कड दबली. मी टेबलाशी आहे. बघणार नाही तिकडे. लिहीत राहिले तर —

काकू खालून हाक मारताहेत. माझ्या नावाने नाही. सूनबाई, म्हणताहेत, पानं वाढलीत, दोघं या.
मी उत्तर दिलं नाही.
उत्तर माझ्या मानेजवळून —