बर्फावरची गाडी रुळवताना

आण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. लिहिता येत नव्हतं असं नव्हे. सातवीला शाळा सुटली तरी दुकानाच्या पाट्या, पुडीचे कागद, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, जे हाताला लागलं ते वाचत मी माझी मीच शिकत गेले. पण तुम्हालाच सांगावं असं काही घडलं नव्हतं. परवा येळवशीला, वेळ अमावास्येच्या सणाला, घडलं. तुमच्या लेकाच्या आणि नातवाच्या देखत मी तुमच्या नावावर एक खोटं बोलले, आणि ते खोटं आहे हे जाणणारं माणूस माझ्याखेरीज एकच होतं, ते म्हणजे तुम्ही. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. आता फोडणी टाकायची तर आधी तेल तापलं पाहिजे, तेव्हा जरा मागून सुरू करते.

घाटनांदूरच्या घरात पुढं तुमचं गॅरेज आणि मागं आपली चूल, मधे एका विटेची भिंत. त्या भिंतीत चुलीच्या वर कोनाडा होता आणि कोनाड्यात मिठाची बरणी. बरणीचं झाकण कधीचं फुटलेलं, म्हणून आईनं वर पितळेची ताटली ठेवलेली. भिंतीपलीकडं तुम्ही एखाद्या गाडीची रेस वाढवली की ती ताटली वाजायची. सगळ्या आवाजांना नाही वाजायची. इंजिन एका ठरावीक सुराला पोचलं की किणकिण सुरू, सूर घसरला की गप्प. मी दहा-अकरा वर्षांची असेन. भाकरी थापता थापता मला आधी ताटलीवरून कळायला लागलं की गाडी बरी झाली. पुढं पुढं ताटली वाजायच्या आधीच कळायचं. प्लग काळा पडलेली गाडी कशी खोकते, पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल कमी झालं की आवाज कसा भाजलेल्या कण्यांसारखा कोरडा येतो, हे मी चुलीपुढं शिकले. शिकवत तुम्हीच होता, पण मला नाही. तुम्ही धाकट्याला शिकवत होता. माझ्याहून तीन वर्षांनी लहान तो, नाकातला शेंबूड पुसायची अक्कल नव्हती, आणि तुम्ही त्याला मांडीशी उभं करून लाकडी मुठीचं ते लांब पेचकस, स्क्रू पिळायचं, त्याच्या हाती द्यायचा. टोक इंजिनाला, मूठ कानाला.

"काय ऐकू आलं?"

"आलं, आण्णा."

"अरे काय आलं?"

"बरं हाय, आण्णा."

कसलं बरं हाय! मी अलीकडून दातओठ खाऊन पिठाच्या गोळ्यावर हात आपटायची. आई म्हणायची, "भाकरी थापायलीस का कुणाला बडवायलीस गं?"

नवी गाडी घेतली की लोक ती आधी तुमच्याकडं रुळवायला ठेवायचे, हे तर तुम्हाला आठवतच असेल. एका डॉक्टरांची ती जोड सिलेंडरची मोटारसायकल आली होती, टू-स्ट्रोक, तशी पळणारी गाडी तेव्हा आपल्या भागात कुणी पाहिली नव्हती. आठवडाभर तुम्ही ती अंबाजोगाईच्या रस्त्यावर नेत होता आणि मागं धाकटा बसलेला असायचा, तुमच्या कंबरेला मिठी मारून. मी दारात उभी. तुम्ही त्याला जे सांगत होता ते मला आजही तोंडपाठ आहे: "नव्या गाडीला पहिल्या दिवशी फुल्ल पळवायचं न्हाई. पण मुंगीच्या चालीनंबी न्यायचं न्हाई, मग ती जन्मभर आळशी ऱ्हाती. जरा वडायची, जरा सोडायची. पहिल्या टाकीला तेल चमचाभर जास्त. धूर निघाला तर निघू दे, अंगाला तेल लागायलंय तिच्या. नवी सून रुळंस्तोवर घरानंच सांभाळून घ्यायचं आसतंय, तसंय हे." पुढं माझं लग्न झालं आणि दुसऱ्याच सकाळी सासऱ्यांनी मला वडगावच्या गिरणीवर उभी केली, ज्वारीच्या पोत्यांपुढं. तेव्हा तुमचं हे वाक्य आठवून मला पिठातच हसू आलं होतं. जेवढं गाडीला सांभाळलंत आण्णा, तेवढं एकदा व्याह्यांना सांगितलं असतंत तर!

त्याच गाडीची गोष्ट. तिसऱ्या दिवशी ती अडखळायला लागली. डॉक्टर खुर्ची टाकून बसलेले, तुम्ही कार्बोरेटर खोलून बसलेले, धाकटा पेचकस कानाला लावून "बरं हाय" म्हणतोय. मला राहवलं नाही. पिठाच्या हातांनी दारात आले आणि म्हणाले, "आण्णा, डावीकडचं सिलेंडर मागं पडतंय." तुम्ही वर बघितलंसुद्धा नाही. "तिकडं तुझी भाकरी करपतीय, ती बघ आधी." डॉक्टर हसले. भाकरी खरंच करपली होती, याचंच जास्त वाईट वाटलं. मग घटकाभरानं तुम्ही डावीकडचा प्लग काढला, तो डांबरासारखा निघाला, दुसरा बसवला, आणि इकडं ताटली वाजली. डॉक्टरांना काय म्हणालात तेही मी भिंतीला कान लावून ऐकलं. "आमचं पोरगं तयार व्हायलंय हळूहळू."  मी त्या दिवशी धाकट्याच्या ताटात करपलेली भाकरी वाढली आणि वर कडेकडेचा कांदा.

माझ्या लग्नात तुम्ही मला उलथणं दिलंत. जुन्या जीपच्या स्प्रिंगच्या पाट्याचं, स्वतः भट्टीवर ठोकून केलेलं, लांब दांड्याचं. ते पेचकस मात्र धाकट्याला गेलं. लोकांनी उलथण्याचं कौतुक केलं, "बापानं लेकीसाठी हातानं घडवलंय" म्हणून, आणि मी मान डोलावली. आतून काय होत होतं ते आता बोलते: मला ते उलथणं विहिरीत टाकावंसं वाटलं होतं. टाकलं नाही. गिरणीवर एकदा बेअरिंग घरघरायला लागलं तेव्हा चुलीवरून तेच उचलून आणलं, टोक बेअरिंगला लावलं आणि दांडा कानाला. माझे मालक, तुमचे जावई, म्हणाले, "आगं, भाकर हाय का ती उलथायला?" त्या दिवसापासून आजवर गिरणीची दुरुस्ती मी बाहेर कधी दिली नाही. पट्टा कधी सुटेल, मोटर कधी तापेल, दगडात घास कधी जास्त पडला, सगळं मला उलथणं सांगतं. पाळण्यातल्या लेकरागत मी ती गिरणी कानानं सांभाळली. पण आण्णा, माणूस किती कोतं असतं बघा. एवढं येऊनसुद्धा धाकट्याच्या गॅरेजात गेले की माझी नजर पहिल्यांदा खिळ्यावर टांगलेल्या त्या पेचकसाकडं जाते. तिथं चहा कधी गोड लागत नाही.

तर परवाचं. आम्ही सगळे वडगावच्या रानात जमलो होतो. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारलेली, तिच्यात पूजा झाली, पंगत बसली. धाकटाही घरच्यांना घेऊन आला होता. त्याचा थोरला, तुम्ही ज्याला खांद्यावर घेऊन फिरायचा तो, आता काश्मीरात असतो. एका हॉटेलवाल्याकडं बर्फावरच्या गाड्या सांभाळतो. त्यानं बापाला व्हिडिओ कॉल लावला. मी आंबील वाढत होते, तशीच डाव घेऊन मागं उभी राहिले. पडद्यावर नुसतं पांढरं, जणू गिरणीत पिठाचं पोतं फुटलंय, आणि मधे ती गाडी. पुढं चाकाच्या जागी दोन फळ्या, मागं रबराचा रुंद पट्टा, बसायला मोटारसायकलीसारखी गादी.

"आत्या, हिला स्नोमोबाईल म्हणतेत," तो म्हणाला. "कालच आली. लई पॉवरची. टू-स्ट्रोकच हाय, आजोबांच्या गाड्यावानी. पहिली टाकी चालू हाय, हळूहळू रुळवायलोय. पण पप्पा, मधी जरा वडून बघितलं तर चढंनाच. हे ऐका."

त्यानं रेस दिली. आवाज चढला, चढला आणि मधेच बसला. धाकट्यानं फोन कानाशी नेला, अगदी पेचकस धरायचा तसा, डोळे मिटून.

"धूर किती हाय बे?"

"हाय बऱ्यापैकी."

"मग तेल जास्त हुतंय. तेल कमी कर आन् घे वर डोंगरावर. मोकळी व्हती."

खरं सांगते आण्णा, मला गुदगुल्या झाल्या. चुकला! नव्या इंजिनाचं पहिल्या टाकीतलं तेल कमी करायचं म्हणजे पिस्टन जाम करून घ्यायचा, हे तुम्ही त्याला शंभरदा सांगितलेलं, आणि तो विसरला. मी डाव हातात धरून ते सुख चाखत उभी राहिले. पोरगं तिकडं वाकून काहीतरी करायला लागलं. मनात आलं, जाऊ दे वर डोंगरावर. तिथं जाम झाली की कळेल सगळ्यांना कोण तयार झालं होतं ते. एवढा विचार मी केला. मग त्याचे लाल झालेले कान दिसले, टोपीतून बाहेर आलेले, आणि तो त्या बर्फातून पायी उतरताना डोळ्यांपुढं आला, आणि माझं मलाच कसंतरी झालं.

"थांब रे बाळा," मी म्हणाले. "तेलाला हात लावू नको. परत दे रेस. आता सोड. परत दे."

"कावून आक्का, तुला काय कळतंय त्यातलं?" धाकटा हसून म्हणाला.

"गप ऱ्हा जरा," मी म्हणाले. "इंजिन खोकत न्हाई, फुटत न्हाई. इंजिन चांगलंय. त्याला वझं लवकर पडायलंय. गिरणीत मोटर वेगाला लागायच्या आधी सगळी पाटी वतली की कसं दबतंय, तसं. ताकद मधनं पट्ट्यानंच जाती ना हिच्यात?"

 तिकडून पोरगं ओरडलं, "आत्या! पुलीत वजनं असतेत पट्टा आवळायला! कंपनीकडनं सपाटीवरची जड वजनं बसून आलीत, हितं उंचावर हवा पातळ, इंजिनाचा दम कमी, हलकी टाकायला पायजे!"

"मग टाक की."

पंगत उठून हात वाळायच्या आत त्याचा फोन परत आला. ह्या वेळी आवाज चढला तो चढतच गेला आणि एका जागी जाऊन असा थांबला की माझे डोळे भरून आले. आण्णा, बरोबर तोच सूर. रानात कुठली ताटली, पण मला ती ऐकू आली. पोरगं हसतंय, पाठीमागं कुणी काश्मिरी माणूस टाळ्या वाजवतोय, आणि मग तो म्हणाला, "आत्या, तुला हे कुणी शिकवलं गं?"

कुणी नाही, असं म्हणायचं होतं. तेच खरं होतं आणि तोच माझा मान होता. पण धाकटा माझ्याकडं बघत होता, आणि माझ्या तोंडून निघालं, "तुझ्या आजोबांनी. दुपारी गॅरेज बंद करून. तुझ्या पप्पाला माहीत न्हाई. म्हणायचे, त्याचा कान न्हाई, तुझा हाय."

आयुष्यभर मला जे जाळत होतं ते एका वाक्यात त्याच्या पदरात टाकलं. धाकट्याचा आंबिलीचा पेला तोंडाशी जाता जाता थांबला.

 निघताना बांधावर मला एकटीला गाठून तो म्हणाला, "आक्का, मला त्या पेचकसातनं कधीच काय ऐकू आलं न्हाई गं. नुसती घरघर. मी आपला 'बरं हाय' म्हणायचो, आण्णा रागवतील म्हणून. मला वाटायचं, त्यान्ला कळलं न्हाई. म्हंजी कळलं हुतं." एवढं बोलून रुमालानं तोंड पुसलं. साठीला आलेला माणूस. "बरं झालं तुला तरी शिकवलं. रविवारी येतो. काय काय शिकवलं ते सगळं सांग मला. आता तरी ऐकू दे." आणि पिशवीतून ते पेचकस काढून माझ्या हातात ठेवलं. पोराची गाडी चालू झाल्यावर दुसऱ्या पोराला पिटाळून गॅरेजातून मागवून घेतलं होतं म्हणे. "हे तुझंच हाय."

ते समोर फडताळावर ठेवलंय. मूठ तुमच्या हातानं काळी गुळगुळीत झालेली. मी अजून कानाला लावलेलं नाही.

तुम्हाला धाकट्याचं कळलं होतं की नव्हतं, ते तुम्हीच जाणा. ती बंद गॅरेजातली दुपार कधी नव्हती, हे मात्र तुम्हीही जाणता आणि मीही. रविवारी मी त्याला खरं सांगणार आहे, पेचकसही परत देणार आहे. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, इथल्या मिठाच्या बरणीखाली ठेवीन. फक्त एक कबूल करते. खोटं बोलताना मला ती दुपार दिसली होती, आण्णा. दार लोटलेलं, फटीतून ऊन, मी तुमच्या स्टुलावर, आणि तुम्ही ती मूठ माझ्या कानाला लावून विचारताय, काय ऐकू आलं? आज बुधवार आहे. रविवारपर्यंत तेवढी दुपार माझ्याकडं राहू द्या.