सतरावं नाव

हरणाआत्या,

सोनारीला सांजच्याला मेंढरं कोंडताना तुम्ही ती मोजत नव्हता, एकेकाला नावानं हाक मारायचा. "आत्याला मोजताच येत न्हाय," म्हणून मी लई हसायची.

आज इथं परदेशातल्या कोर्टात, युद्धात अख्खं गाव कापून काढणाऱ्या एका सेनाधिकाऱ्यावरचा खटला मी चालवतेय. न्यायाधीश म्हणाले, "मेलेले एकेचाळीस, आकडा पुरे." मी हट्टानं सगळी नावं वाचली. सतराव्या नावाला मागं बसलेली एक म्हातारी उठून उभी राहिली. "माझा," एवढंच म्हणाली.

ही रीत तुमची, आत्या. त्या हसण्याची माफी कागदावर मागणं पटत नाही, म्हणून हे पाठवत नाही. सुट्टीत मीच येते.

सगळी मेंढरं आत आल्यावर शेवटची हाक जिला मारायचा, ती
वर्षाराणी