पट्टीपुरतं पाणी

६ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

फोनवर विचारलं की तू ‘बघतो’ म्हणतोस. कागदावर ‘बघतो’ लिहायला तरी तुला लाज वाटेल, म्हणून हे पत्र. दवाखान्याची फाइल दीड महिना तुझ्याच टेबलावर आहे, हे मला तुझ्या साहेबांकडून कळावं? गावाची सरपंच म्हणून मी त्यांना तीनदा भेटले. चौथ्यांदा ते म्हणाले की नदीकाठच्या बांधकामाला पूररेषेचा दाखला लागतो आणि तो आपले बंधूच देतात. मला हसावं की रडावं कळेना. सात वर्षं ज्या सहीमागे धावले, ती माझ्याच पाठच्या भावाची निघाली!

मंजुरी वर्षअखेरपर्यंतच आहे, नंतर ती दुसऱ्या गावाला जाईल. जुन्या वखारीशेजारची जागा तू पाहिलीच आहेस. नकाशावर ती रेषेच्या बाहेर आहे, मी चष्मा लावून दोनदा पाहिलंय. मग घोडं अडलंय कुठे?

आईचा गुडघा कसा आहे? तिला जिने चढू देऊ नकोस. इकडे सगळं ठीक. पंचायतीच्या नव्या इमारतीत परवा माझं टेबल आलं, काचेचं. रोज दोनदा पुसते, शिपाई हसतो.

माझी माया तुला ठाऊक आहे, तुझी आता सहीत दिसू दे.
तुझी
ताई

*

१४ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फाइल माझ्याकडे आहे हे खरं. पण मी ती दाबून ठेवलेली नाही, मीच तिच्यात अडकलोय.

आपल्या गावाची पूररेषा बाबांच्या वहीवरून आखलेली आहे. धक्क्याच्या भिंतीवरची पाणी मोजायची पट्टी त्यांनी एकतीस वर्षं रोज सकाळी वाचली, एकही दिवस कोरा सोडला नाही. आमच्या ऑफिसात नव्या माणसाला आजही ती वही दाखवतात आणि मी उगाच ताठ बसतो. त्या वहीतला सर्वांत मोठा आकडा अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या पुराचा आहे, पाच मीटर. वखारीजवळची जागा त्याच पट्टीच्या मापाने पाच मीटर साठ उंचीवर आहे. म्हणजे कागदावर सगळं ठाकठीक.

पण पुराचे तिन्ही दिवस पाचच लिहिलेत गं. नदी तीन दिवस एका जागी उभी राहत नाही. शिवाय अक्षर बाबांचं नाही. पाचाचं शेपूट असं वर वळवणारं आपल्या घरात एकच माणूस आहे. मी तेव्हा मावशीकडे होतो. परत आल्यावर तुम्ही सांगितलंत की उंबरठा ओला झाला होता. गेल्या महिन्यात मोजणीला आलो तेव्हा आपला उंबरठाही मोजला. तो आहे पाच मीटर तीस. पाचाच्या पाण्याने तो कसा भिजला?

रागावू नकोस, आठवून लिही. आईचा गुडघा बरा आहे, जिने मात्र ती मला न सांगता चढते.

रागाच्या भरात लोभ कमी होऊ नये, एवढंच मागणं.
तुझा
धाकटा

*

१९ ऑक्टोबर

चि. फूटपट्टीस,
आशीर्वाद आहेत, पण कोरडे.

बहिणीची उलटतपासणी घ्यायला तुला मोठ्या पगारावर ठेवलंय का? लहानपणी भाकरीचा तुकडासुद्धा मोजून घ्यायचास, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आता मी सांगते ते मोज. शिंप्याची सून गेल्या उन्हाळ्यात अडली. पलीकडच्या काठावरच्या दवाखान्यात न्यायला नावेत घातली, सोबत मी होते. नदीच्या मध्यावर बाळ झालं. नावाडी रडत रडत वल्हवत होता. बाळ वाचलं, ती नाही. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ती मला विचारत होती की काठ किती लांब आहे. आलाच म्हणून मी खोटं सांगितलं. त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांपुढे दवाखान्याशिवाय दुसरं काही नाही.

पूर अठ्ठावीस वर्षांत एकदा आला. बायका दर महिन्याला अडतात. वहीत पाच आहे ना? मग पाचच धरून चाल. बाबांच्या वहीवर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही, आणि पहिलं बोट त्यांच्या मुलाचं नको.

पुढचं पत्र सहीचंच असू दे, मग गोड बोलेन.
ताई

*

२७ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. नावेतलं आलं तेव्हा तिने हात वर करून मला थांबवलं.

साहेब म्हणतात, कागदावर आहे ते आहे, सही करून मोकळे व्हा. मीही करेन. फक्त एक ओळ लिहून पाठव, की पाणी पाचच होतं. पत्र आलं त्याच दिवशी दाखला देतो. हे ओझं मी तुझ्या गळ्यात मारतोय हे मला कळतं. पण एकट्याला पेलत नाही गं.

आणखी एक. जुन्या फाइलच्या तळाशी बाबांचे अर्ज सापडले. पुरानंतर दर वर्षी एक, असे अकरा. मजकूर तोच, अक्षर मात्र दर वर्षी थोडं जास्त कापरं. तुझ्यासाठी उतरवून देतो: ‘धक्क्यावरील पट्टी पाच मीटरला संपते. पुराचे वाचन पट्टीपुरते आहे, पाण्यापुरते नाही. तरी लांब पट्टी मिळावी.’ एकाही अर्जाला उत्तर गेलेलं नाही. त्या तीन दिवसांत पट्टी कुणी वाचली, हे त्यांनी कुठेही लिहिलेलं नाही.

तू काहीही लिहिलंस तरी माझ्या नमस्कारात फरक पडायचा नाही.
तुझा
धाकटा

*

९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुला हवी ती एक ओळ लिहायला मी चारदा बसले. चारही कागद चुलीत गेले.

बाबा तीन दिवस नावेवर होते, माणसं काढत होते. जाताना वही माझ्या हातात देऊन म्हणाले की काही झालं तरी पान कोरं ठेवायचं नाही. सोळा वर्षांची होते मी. पहिल्या दिवशी सकाळीच पाणी पट्टीच्या डोक्यावरून गेलं. पट्टीवर शेवटचा आकडा पाच, म्हणून मी पाच लिहिले. दुसऱ्या दिवशी पट्टी कुठे आहे हेही दिसेना, तरी पाच. पान कोरं राहायला नको ना! बाबा परत आले, पान पाहिलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सही केली. मला वाटलं, त्यांना कळलंच नाही. अकरा वर्षं ते लांब पट्टी मागत होते, ते मला तुझ्या पत्रातून कळलं. मी पत्र हातात घेऊन पायरीवरच बसले.

खरं पाणी मला ठाऊक आहे. आपल्या पुढच्या दाराच्या चौकटीवर आई आपल्या दोघांची उंची खुणेने लिहायची, आठवतं? तुझ्या तिसरीतल्या खुणेपर्यंत पाणी होतं. मी माळ्यावर बसून तीच खूण पाहत होते आणि म्हणत होते, बरं झालं हा मावशीकडे आहे. तुला घाबरवायचं नाही म्हणून उंबरठ्याचं सांगितलं. नंतर घराला कितीदा रंग दिला, पण ती चौकट मी कुणाला रंगवू दिली नाही. ये आणि मोज.

काल गावाची सभा बोलावली. वखारीत पाणी कुणी कुणी पाहिलं होतं, असं विचारलं. चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांचे हात वर झाले. सगळ्यांना माहीत होतं, विचारलं कुणीच नव्हतं. मंजुरी गेली तर जाऊ दे म्हणायचं धाडस मला होत नव्हतं. शेवटी शिंपीच उठला. म्हणाला, माझी सून पाण्यावर गेली, आता दवाखाना पाण्यात नको.

मग मी टेकाडावरची पंचायतीची इमारत दवाखान्याला देते असं सांगून टाकलं. पंचायत वखारीत जाईल. लोक म्हणाले, बाई, तिथे तर पाणी येतं. मी म्हटलं, पाणी आलं तर खुर्ची उचलून पळता येतं, बाळंतीण उचलून पळता येत नाही. काचेच्या टेबलाचं वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू.

मागच्या पत्रातला कोरडा आशीर्वाद परत घेते, हा घे भरघोस.
तुझी
ताई

*

२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्याकडून परत आल्याबरोबर कामाला लागलो. उंबरठा पाच मीटर तीस, त्यावर माझी तिसरीतली उंची एक मीटर बावीस. पूर सहा मीटर बावन्न. वखारीजवळच्या जागेवर कमरेइतकं पाणी होतं. त्या जागेला नकार कळवला आणि बांधकामाची मंजुरी परत गेली.

नव्या नोंदीत ‘पुरावा’ असा रकाना असतो. मी लिहिलं: दाराची चौकट, धाकट्या भावाची उंची, इयत्ता तिसरी. साहेबांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि सही केली. टेकाडावरच्या इमारतीचा दाखला मात्र मी एका दिवसात दिला, आता तरी ‘बघतो’वरून चिडवू नकोस. लांब पट्टीसाठी बारावा अर्ज मी केला, उत्तरही मीच दिलं. आठ मीटरची पट्टी येतेय.

वहीतले तीन पाच खोडायचे का, हे तू ठरव.

आईचा आशीर्वाद आणि माझा नमस्कार एकाच पाकिटात घालतोय, सांभाळून उघड.
तुझा
धाकटा

*

२८ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सोमवारी दवाखाना सुरू झाला. इमारत दवाखान्यासाठी बांधलेली नाही, खाटा दोनच, पण नर्सबाई मुक्कामाला आल्यात. माझ्या काचेच्या टेबलावर त्यांनी बाळांचा वजनकाटा ठेवलाय. शिंप्याने दारांना पडदे शिवून दिले आणि दुसऱ्या दिवशी नातीला वजनाला घेऊन आला. वखारीत मी बसते, शिपाई अधूनमधून नदीकडे पाहतो.

पाच खोडू नकोस. बाबांची सही आहे तिथे. शेजारी एवढंच लिही, की इथे पट्टी संपली.

नवी पट्टी बसली. काल सकाळी वाचायला मीच गेले. पाणी एक मीटर दहा. मग मान वर करून सहा मीटर बावन्नची लाल खूण पाहिली. ती माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होती. अठ्ठावीस वर्षं मी त्या सोळा वर्षांच्या पोरीला खोटारडी म्हणत आले. काल तिथे उभी राहिले तेव्हा कळलं, एवढं पाणी लिहायला तिच्याजवळ आकडाच नव्हता. खूप रडले रे. नावाडी विचारायला लागला तर म्हटलं, पट्टी वाचतेय.

सुट्टीत आईला घेऊन ये. चौकटीवर जागा आहे, तुझी आताची उंची लिहायची राहिलीय.
तुझी
ताई