दुसरी वेलांटी

९ जून
दिवसभरात दोन तक्रारी. एक निनावी, ती दप्तरी दाखल. दुसरी नावपत्त्यासकट, आमच्या एका माननीयांविरुद्ध. (नगरसेवकाला कचेरीत माननीय म्हणायचं. मानायचं किती, ते ज्याचं त्याने ठरवावं.) तक्रारदार मेश्रामबाई, विश्रांतवाडीच्या, मूळ नागपूरकडच्या, बालवाडीत शिकवतात. मुलीला कॉम्प्युटर डिप्लोमाला घालायचंय, रहिवासी दाखल्यावर माननीयांची सही हवी. ते म्हणाले, संध्याकाळी आळंदी रोडच्या फ्लॅटवर एकट्या या, तिथे करतो. बाई नाही म्हणाल्या, तर भरल्या ऑफिसात नको ते बोलले आणि फॉर्म भिरकावला.

अक्षर छान, शुद्धलेखनाचा आनंद. स्वतःचं नावसुद्धा 'शिला'. शिला म्हणजे दगड! आवक नोंदवहीत मी 'शीला' करून टाकलं. दुसरी वेलांटी द्यायला काय जातं?

तक्रार खरी असेल? कोण जाणे. निवडणूक जवळ आली की अशा तक्रारी वाढतातच.

११ जून
मूळ तक्रार बंद पाकिटात साहेबांकडे. छाननी तेच करतात. म्हटलं, "नाव बाहेर जायला नको." साहेब हसले. "अहो बाई, इथून काही बाहेर जातं का?" मी निघाले आणि माननीय आत शिरले. खिशातला मोबाइल वाजत होता. उचलला नाही, नुसता सगळ्यांना ऐकवला.
साहेबांनी नंतर नोंदवही मागवून घेतली. तासाभराने परत. सहज असेल.

१६ जून
टपालात मेश्रामबाईंचं पत्र. 'तक्रार गैरसमजातून केली होती, सबब ती स्वखुशीने मागे घेत आहे.' कॉम्प्युटरवर टाइप केलेलं, खाली पेनाने सही. म्हणजे दाखला मिळाला आणि गप्प बसल्या. रागच आला. अशांमुळे खऱ्या बायकांचं कोणी ऐकून घेत नाही.

जेवताना मात्र 'सबब' डोक्यातून जाईना. बालवाडीतली बाई सबब कशाला लिहील? तो तर आमच्या कचेरीचा शब्द. ह्यांना बोलून दाखवलं. हे म्हणाले, "तुला दूधवाल्याचासुद्धा संशय येतो." येतो. दूध पातळ असतं.

१७ जून
पत्र पुन्हा काढलं. सही 'शीला मेश्राम'. दुसरी वेलांटी!
ही वेलांटी त्या बाईंची नाहीच, माझी आहे. माझ्या नोंदवहीशिवाय कुठेही नाही. ज्याने सही केली त्याने नाव तिथून उचललं.

नोंदवही पाहिली कोणी? कपाट माझं, किल्ली माझी. माझ्याखेरीज दोघांच्या हातात गेली. एक पवार, नवा कॉम्प्युटर चालवतो तो. पण त्याला कीबोर्डवर दुसरी वेलांटी अजून सापडलेली नाही, 'दिर्घ रजा' टाइप करतो. पत्र त्याचं असतं तर 'केली होती'चं नक्की 'केलि होति' झालं असतं. मग राहिले
नको. आधी विश्रांतवाडी.

१८ जून
अर्धी रजा टाकून गेले. घरी सांगितलं, मंडईत जाते. आता मीही खोटं बोलायला लागले.

मेश्रामबाई मुलांना गाणं शिकवत होत्या. पत्र दाखवलं. वाचलं, परत वाचलं.
"हे मी नाही लिवलं, बाई. मी कामून वापस घेऊ? दाखला तर अजून भेटलाच नाही."
सही करून दाखवा म्हटलं. केली. 'शिला'.
"अहो, पण शीला दीर्घ असतं."
"माहा बाप गिट्टीच्या खदानीत होता. त्यानं दगड म्हणूनच ठेवलं. पोरगी फुटाले नाई पायजे, म्हणे."
आयुष्यात इतकी शरम वाटली नव्हती. नोंदवहीत मी काय केलंय, ते काही सांगता आलं नाही. सव्वीस तारखेला छाननी आहे, या, एवढंच म्हटलं.

२१ जून
साहेबांना सांगितलं, माघारीचं पत्र बनावट आहे. सह्या जुळत नाहीत.
साहेबांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले. "नोंदवहीत शीला. माघारीत शीला. तक्रारीत मात्र शिला. मग बनावट कुठलं, बाई? तक्रार."
मी आयताच पुरावा हातात दिला होता.
"नोंदवहीतलं नाव मी सुधारलंय, साहेब."
"सुधारलंत की बदललंत?" चष्मा काढला. "तसं लेखी देणार? निवृत्तीला किती राहिले, अकरा महिने ना?"
माझे महिने ते मोजून बसलेत, हे मला माहीत नव्हतं.

२३ जून
झोप नाही. हे म्हणतात, "तू दुसऱ्याच्या भांडणात कशाला?" दुसऱ्याचं कसं? वेलांटी माझी.
कोणाला सांगावं? पवार चहा आणून देतो, तोही पिववत नाही. आज दोनदा विचारलं, "बाई, रजिस्टर देता का?" कोणाला हवंय म्हटलं, तर छताकडे बघतो.
नोंदवही पिशवीत घालून घरी आणली. नियमाला सोडून आहे. असू दे.

२५ जून
नोंदवहीत लाल शाईने 'शीला' खोडलं, वर 'शिला' लिहिलं. समासात: चूक माझी. तक्रारदाराची नाही. सही, तारीख. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाई चालवली. आपल्यावर पहिल्यांदाच.

२६ जून
छाननी अकराला. मेश्रामबाई मुलीला घेऊन आल्या होत्या. नोंदवही उघडून दाखवली.
"एवढ्याशा वेलांटीनं फरक पडते का, बाई?"
"पडतो."
रागावतील वाटलं होतं. त्यांनी माझा हात धरला. ते जास्त लागलं.

शिपायाने नाव पुकारलं. पुकारताना ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. मला बोलावलं नव्हतं, तरी मीही आत गेले.
साहेबांनी समास वाचला. बराच वेळ वाचला. चारच तर शब्द होते.
"ठीक. नोंदवही ठेवून जा. बघतो."
"पोच द्या."
"माझ्याकडे पोच मागता?"
"हो."
चिडून कागद ओढला आणि लिहून सरकवला. 'शीला मेश्राम प्रकरणी नोंदवही मिळाली.' मेश्रामबाईंनी पिशवीतून माघारीचं पत्र काढून, घडी उलगडून, त्याच्याशेजारी ठेवलं. अठराला घाईत मी ते त्यांच्याकडेच विसरले होते की काय? नाही, ती झेरॉक्स होती. त्यांनी मागितली म्हणून मीच काढून दिली होती. दोन्हीकडची दुसरी वेलांटी एकाच हातची, वर टोकाला तशीच गाठ मारलेली.
मी पोच परत सरकवली. "पहिली वेलांटी, साहेब."
साहेबांची नजर पोचेवरून पत्रातल्या सहीवर गेली. पेन हातात तसंच. नोंदवही मी परत ओढून मांडीवर घेतली. मी काही उठले नाही.