माझ्या नावाची आंघोळ

प्रिय मोरूदादा,

‘प्रिय’ सवयीने लिहून गेले, आता खोडत बसत नाही. इतक्या वर्षांनी बहिणीचं पत्र बघून छातीत धस्स झालं असेल तर होऊ दे. घोटभर पाणी पी आणि मग वाच, कारण मी आज भांडायलाच बसले आहे.

परवा माझ्या आन्याने तुला फोन केला. मला न विचारता केला, तुझ्या ऋषीला गाठून नंबर मिळवला. जूनमध्ये तिचं लग्न आहे आणि त्या दिवशी हॉलमध्ये दोन्हीकडची वंशावळ लावायची, असं तिच्या डोक्यात आहे. तू अर्धा तास गोड बोललास म्हणे. अमरावतीचं घर, पणजोबा, त्यांचे भाऊ, सगळं सांगितलंस. पोरगी हरखली. मग तिने विचारलं, मामा, आईला कुठे लिहू? त्यावर तू म्हणालास, “तिला तुझ्या वडिलांच्या लोकांत लिही. आमच्याकडे लग्न झालेल्या मुली लिहीत नाहीत.” हो का रे? मग इलाआत्या नवऱ्यासकट कशी छापली आहे आपल्या कुलवृत्तांतात? तिचं लग्न अण्णांनी लावून दिलं होतं आणि मी माझं मी केलं, तेही टॉमशी, एवढाच काय तो फरक.

आता टॉमच्या लोकांचं ऐक. त्याची पणजी नोरा आयर्लंडहून एकटी इथे अमेरिकेत आली, एवढंच घरात माहीत होतं. म्हणून इथे ईडन प्रेरीहून दर शनिवारी आम्ही दोघं सेंट पॉलला आयरिश वंशावळ मंडळात जायला लागलो. तिथे कॅथलीन नावाच्या ऐंशी पार केलेल्या बाई मदतीला बसतात. सुरुवातीला मी काय केलं असेल? नोराला सासरच्या आडनावाने शोधत बसले, अगदी तिच्या बारशाच्या वर्षापासून! जन्मलेल्या पोरीला सासर चिकटवायचं, हे आपल्याच रक्तात. कॅथलीनबाई पोट धरून हसल्या. म्हणाल्या, आमचे पाद्री बाळाचा बाप्तिस्मा लिहिताना आईचं माहेरचं आडनाव लिहीत, बाईला तिच्या माहेराच्या नावानेच शोध. तसं शोधलं आणि नोरा सापडली, तिची आई सापडली, आईचं माहेर सापडलं. टॉम डोळे पुसत होता. मला मात्र घरी येईपर्यंत नुसता राग येत होता, कुणाचा ते तुला सांगायला नको.

त्याच बाईंनी मला तिकडची एक रीत सांगितली. पोर अमेरिकेला निघाली की आदल्या रात्री गाव जमायचं आणि कुणी मेल्यावर जागवतात तशी रात्र जागवायचं, कारण ती परत दिसणार नाही हे सगळ्यांना ठाऊक. रडायचे, नाचायचे, सकाळी वळणापर्यंत पोचवायला जायचे. मी ऐकलं आणि तिथेच उठून बाहेर आले. अरे, त्यांनीही जिवंत पोरीचा शोकच केला ना! पण ती त्यांच्यात बसलेली होती. तिच्या ताटात आधी वाढत होते.

आणि तुम्ही? मी इकडे ॲन आर्बरला लग्न केल्याचं कळलं तेव्हा अण्णांनी माझ्या नावाने आंघोळ केली. म्हणायला म्हणतात तशी नाही, खरोखरची, डोक्यावरून. आईला करायला लावली. आणि तूही केलीस. प्रीतामावशीने मला फोनवर सगळं सांगितलं. डोकं पुसून तू मॅच बघायला बसलास, हेसुद्धा. अण्णा जुन्या वळणाचे होते, त्यांचं मी सोडून दिलं. तू तर माझी वेणी घालून द्यायचास रे, आई आजारी असली की. पुढे तू स्वतः सांता क्लाराला आलास, माझ्याच देशात वीस वर्षं राहिलास, आणि तुला चार तासांचं विमान कधी मिळालं नाही. आई गेल्याचंसुद्धा मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. त्या दिवशी मी कुणाच्या नावाने आंघोळ करायची होती, सांग ना.

असो. मला तुझं तोंड बघायचं नाही, पण आन्याला बघायचं आहे. अंतरपाट धरला की नवरीच्या मागे मामा उभा राहतो, हे तिला कुणीतरी सांगितलंय आणि आता तिला तो हवाच आहे. दुसऱ्या कुणाला मामा म्हणून उभं करू म्हटलं तर तिने मान हलवली. म्हणून हे आमंत्रण. लग्न जूनच्या दुसऱ्या शनिवारी आहे. पण अट आहे. हॉलवर परस्पर जायचं नाही. आदल्या दिवशी माझ्या घरी यायचं आणि माझ्या हातचं जेवायचं. गोडधोड करणार नाही, साधं वरण-भात. मी वाढीन आणि तू समोर बसून पोटभर जेवशील. मेलेल्या बाईच्या हातचं कुणी जेवत नाही, दादा.

तुझीच, अजून जिवंत असलेली,
उल्का